न्याहारी आणि निहार

हकीमसाब, तुम्हाला जाऊन आठवडासुद्धा झाला नाही आणि मी तुमच्यावर भडकलेली आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणू द्या. तुमच्या मतबमध्ये, त्या युनानी दवाखान्यात, इतकी वर्षं मी रोज तुमच्याशी वाद घातला, तुम्ही कधी ऐकून घेतलंत, कधी उलटून बोललात, आणि वरून तुमच्या बायकोनं, भाभींनी, चहा पाठवला की दोघंही गप्प होऊन बशीत ओतून प्यायचो. आता तुम्ही मातीआड झालात म्हणून मी एकदम गुणाची बाई कशी होऊ? पुंडलिकनगरच्या या घरात भांडी घासताना मी तुमच्याशी मोठ्यानं बोलते. सून दारातून डोकावते, परत जाते.

मी तुमच्याकडं आले तेव्हा गरज दोघांनाही होती. सासूच्या आजारपणापायी मी सरकारी दवाखान्यातली नर्सची नोकरी सोडलेली. सासू गेली, घर खायला उठलं. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, गुलमंडीच्या मागच्या गल्लीत एक युनानी हकीम आहेत, त्यांच्याकडं हिजामाला बाया येतात पण लाजतात, तर त्यांना बाईमाणूस पाहिजे. हिजामा म्हणजे आमच्या सिल्लोडकडं ज्याला तुंबड्या लावणं म्हणतात तेच. मी लूना काढली आणि आले. खाली तुमचा मतब, वर घर. तुम्ही एका म्हाताऱ्याच्या पाठीवर बारीक चिरा देत होता. तो उठला, तुम्ही वस्तरा पाण्यानं धुतला, आणि पुढच्याला म्हणालात, "आओ भाई."

माझ्या तोंडून निघालंच, "थांबा, थांबा! हे काय चाललंय?"

"धोया है, सिस्टर. बिलकुल पाक है."

"पाक असंल हो. पण निर्जंतुक नाय. एकाची कावीळ दुसऱ्याच्या रक्तात घालता व्हय?"

"निर... क्या?"

तो शब्द तुम्हाला शेवटपर्यंत म्हणता आला नाही. त्या दिवशी मात्र तुम्ही हसला नव्हता. तुम्ही वस्तरा मिटला, फडक्यात गुंडाळला, आणि दिवसभर माझ्याशी एक शब्द बोलला नाहीत. मला वाटलं, झालं, नोकरी लागायच्या आधीच गेली. संध्याकाळी भाभींनी मला जिन्यात गाठून सांगितलं की तो वस्तरा तुमच्या वडिलांचा. निजामाच्या पाडावाच्या, पोलीस ॲक्शनच्या दिवसांत ते बायकापोरांना घेऊन रातोरात निघाले, तेव्हा घरातलं सगळं सोडून वस्तरा आणि खलबत्ता तेवढा उचलला होता. तुम्ही तेव्हा पोरसवदा होता. मला लई वाईट वाटलं. पण दुसऱ्या दिवशी येऊन मी तेच म्हणाले, की वस्तरा जपून ठेवा, कपाटात ठेवा, त्याला अत्तर लावा, पण माणसाच्या कातडीला लावू नका. तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की दुसरी कोणी असती तर पळून गेली असती. आठ-दहा दिवसांनी टेबलावर सुट्ट्या पात्यांचा डबा आला. हिजामाचे पेले उकळायला मोठं पातेलं आलं. तुम्ही झाकण उघडून वाफेकडं बघत म्हणालात, "तो ये तुम्हारा डबल पाक."

तेव्हापासून आपल्याकडं तोच शब्द. "सिस्टर, डबल पाक हुआ क्या?" बाहेर बाकावर बसलेले पेशंटसुद्धा तेच विचारायला लागले. शहागंजातली एक आजीबाई तर पाठ उघडी करायच्या आधी दरडावून म्हणायची, "डबल पाक है ना? नै तो मैं चली."

मधाचं भांडण आपलं अर्धवटच राहिलं. साखरेच्या पेशंटला तुम्ही मध द्यायचात, मी आडवी यायची. मी म्हणायची, गोड ते गोड. तुम्ही म्हणायचात, मधात शिफा आहे, बरं करायची ताकद आहे, तुमच्या मशीनला ती दिसत नाही. शेवटी एकदा तुम्ही स्वतः चमचाभर मध चाटलात, तासाभरानं बोट पुढं केलंत, आणि मशीनवरचा आकडा बघून शांतपणे म्हणालात, "मशीन खराब है." मी हसून हसून खुर्चीत बसले. तुम्हालाही साखर होती हे त्या दिवशी आपल्या दोघांना एकदमच कळलं, पण आधी हसलो, हे खरं. त्यानंतर तुम्ही पेशंटला मध देताना माझ्याकडं चोरून बघायचात.

आणि मी काही सगळंच जिंकत नव्हते. रमजान तोंडावर आला की साखरेच्या पेशंटला तुम्ही बोलावून घ्यायचात. कुणी रोजा धरायचा, कुणी धरू नये, गोळी सहरीला किती, इफ्तारला किती. मी घसा कोरडा करून सांगितलं तरी त्या बाया माझ्या पलीकडं भिंतीकडं बघायच्या. मी कोण, सिल्लोडकडची मराठ्याची बाई, मला रोज्यातलं काय कळणार? एकदा एकीनं बोट द्यायला साफ नकार दिला. रोज्यात रक्त निघालं की रोजा तुटतो, असं तिच्या मनात पक्कं बसलं होतं. रोजा तर तुमचाही होता. तुम्ही माझ्या हातातली सुई घेतलीत, सगळ्यांदेखत स्वतःच्या बोटात खुपसलीत आणि म्हणालात, "मेरा तुट्या क्या? नै ना? तो तुम्हारा भी नै तुटता." मग सगळ्यांनी मुकाट्यानं बोटं पुढं केली. आजारी माणसाला मजहबनं सवलत दिलीय ती का नाकारता, असं तुम्ही इतक्या मायेनं समजवायचात की हट्टी बायाही डोळे पुसत मान हलवायच्या. हे मला जन्मात जमलं नसतं. तुमच्यामुळं किती माणसं वाचली ते मला माहीत आहे, आणि हे तुमच्या तोंडावर मी कधी म्हणाले नाही. आता म्हणतेय, ऐका.

आता ज्यावरून मी भडकलेय तिथं येते.

भाभींना साखर निघाली. तुम्हीच त्यांना मोठ्या डॉक्टरांकडं नेलंत, मी सोबत होते. डॉक्टर नवे होते, कोल्हापूरकडून आलेले, सुस्वभावी. त्यांना आपल्या गावची खिचडी बोली अजून कळत नव्हती. चिठ्ठीवर त्यांनी गोळीचं नाव लिहिलं, पुढं एक आणि दोन शून्यं, म्हणजे फक्त सकाळी, आणि तोंडानं म्हणाले, "ही रोज सकाळी न्याहारीला द्यायची." तुम्ही मान हलवलीत. मीही हलवली. मला न्याहारी म्हणजे भाकरतुकडा, पोटात काही गेल्यावर. तुम्ही उभ्या जन्मात पेशंटला एक शब्द हजारदा सांगितला होता, निहार मुंह, म्हणजे उठल्या उठल्या, रिकाम्या पोटी. तुमच्या कानाला तोच पडला. सकाळी निहार. यात शंका घेण्यासारखं तुम्हाला काही वाटलं नाही, आणि मला तरी कसं कळावं की एकाच वाक्यातून आपण दोघं दोन गोष्टी घेऊन उठलो?

भाभी पहाटे फजरच्या नमाजला उठायच्या. तुम्ही त्यांना तेव्हाच गोळी द्यायचात. मग त्या कुराण घेऊन बसायच्या, घर आवरायच्या, आणि खायच्या पार उन्हं वर आल्यावर. सकाळी त्यांना घाम सुटायला लागला, हात थरथरायला लागले. तुम्हाला वाटलं अशक्तपणा. तुम्ही खमिरा दिलात, तुमच्याच हातचा, सफरचंदाचा, साखरेत घोटलेला. त्यानं त्यांना दहा मिनिटांत बरं वाटायचं. वाटणारच की! साखर खाली जात होती आणि तुम्ही साखरच देत होता. तुमचं औषध डॉक्टरांच्या औषधाला रोज सकाळी झाकून टाकत होतं, आणि तुम्ही खुशीत येऊन मला सांगितलंत, "देख्या सिस्टर, इंग्लिश गोली और हमारा खमिरा, दोनों मिलकू कैसा काम कर रे." मीही म्हणाले, चांगलंय.

आठवडी बाजाराच्या दिवशी तुम्ही पहिल्या गाडीनं सिल्लोडला पेशंट बघायला जायचात. त्या दिवशीही गोळी देऊन गेलात. मी आले, मतब उघडला, पातेलं चढवलं. चहा आला नाही. भाभींचा चहा चुकला असं कधी झालं नव्हतं. मी जिन्यातून हाक मारली, उत्तर नाही, म्हणून वर गेले.

पुढचं तुम्ही मला कधी विचारलं नाहीत, मी कधी सांगितलं नाही. आज सांगते. आता तुम्हाला कशानं काही व्हायचं नाही. भाभी स्वयंपाकघरात जमिनीवर होत्या. कपडे घामानं भिजून अंगाला चिकटलेले. हातापायांना झटके येत होते, टाच फरशीवर आपटून सोलली होती. दातांखाली जीभ आलेली, ओठांवर रक्त. बांगड्यांच्या काचा सगळीकडं. आणि खमिऱ्याची बरणी त्यांनी छातीशी धरली होती. झाकण घट्ट बसलेलं. त्यांना कळलं होतं, हकीमसाब. आपल्याला काय पाहिजे ते त्या बाईला बरोबर कळलं होतं, फडताळापर्यंत ती पोचली, बरणी काढली, आणि हातात झाकण फिरवायचा जोर राहिला नव्हता. झाकणाच्या कडेला दातांच्या खुणा होत्या. मी त्यांचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा त्यांनी माझं मनगट धरलं, आणि ते इतकं आवळलं की वळ कितीतरी दिवस दिसत होते. डोळे उघडे होते. मला ओळखलं का, ते मला आजही सांगता यायचं नाही.

मी हिरड्यांना साखर चोळली, खाली धावत जाऊन मशीन आणलं, आकडा बघितला आणि समजले. शेजारच्या दोघांनी उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात सलाईनमधून साखर दिली, सगळं केलं. पण मेंदू फार वेळ उपाशी राहिला होता. त्या शुद्धीवर आल्याच नाहीत. सलीम तेव्हा पुण्यात नोकरीला, तो पोचला तेव्हा आई नळ्यांमध्ये पडलेली. एकुलता एक पोरगा. आईशी त्याला एक शब्दही बोलायला मिळाला नाही.

दफन झालं, चाळिसावा झाला, मतब बंदच होता. एक दिवस तुम्ही निरोप पाठवलात. आत दार लोटून बसला होता, हातात भाभींच्या गोळ्यांचं रिकामं पाकीट.

"सिस्टर, तुम वहाँ थे. डॉक्टर क्या बोले थे?"

घरी मला सगळे म्हणाले, खोटं सांगायचं होतंस. म्हातारा माणूस, बायको गेलेली, काय बिघडलं असतं? पण तुम्ही मला विचारत होता ते काही मन राखून घ्यायला नाही. रोगाचं मूळ शोधताना पेशंटला विचारायचात तसं विचारत होता. मी म्हणाले, "न्याहारी म्हणाले, हकीमसाब. न्याहारी म्हणजे नाश्ता. खाऊन."

"न्याहारी," तुम्ही म्हणालात. मग पुन्हा म्हणालात. मग म्हणालात, "नाश्ता." मी उभी राहिले.  हातातलं पाकीट मिटून तुम्ही म्हणालात, "सलीम कू मैं बोलूंगा. तुम नक्को बोलो." तुमच्या घरातली गोष्ट, तुमच्या बायकोची, तुमच्या पोराची. ती तुम्हीच सांगायची होती. मी हो म्हणाले, आणि त्याबद्दल मी स्वतःला दोष देत नाही.

पण तुम्ही सांगितलं नाहीत. सलीमच्या कानावर एवढंच होतं की डॉक्टरांची गोळी रिकाम्या पोटी दिली म्हणून अम्मी गेली. तो तडक डॉक्टरांकडं गेला. केबिनचं दार ढकलून विचारलं, काय सांगितलं होतंस माझ्या बापाला? ते बिचारे घाबरून म्हणाले, "मी न्याहारीलाच सांगितलं होतं हो, न्याहारीला!" आणि सलीम परत येऊन सगळ्या गल्लीला सांगत सुटला, "वो खुद कबूल किया! निहार बोला करके खुद कबूल किया!" त्या माणसानं जीव तोडून खरं सांगितलं, आणि तोच त्याचा कबुलीजबाब ठरला. तुम्ही गादीवर तक्क्याला टेकून बसला होता. मी तुमच्याकडं बघितलं. तुम्ही खाली बघितलंत.

हकीमसाब, तिथं एक वाक्य बोलायचं होतं. एकच.

मतब तुम्ही पुन्हा उघडलात हे मी मान्य करते. दुसरा कोणी कायमचं कुलूप लावून बसला असता. निहार हा शब्द तुम्ही तोंडातून काढून टाकलात, मलाही न्याहारी म्हणू दिलं नाहीत. कोणती इंग्लिश गोळी चालू आहे ते विचारल्याशिवाय चिमूटभर चूर्ण दिलं नाहीत. आणि प्रत्येक पेशंटकडून जाताना मोठ्यानं म्हणवून घ्यायचात. "पहले क्या?" "रोटी." "फिर?" "गोली." वकील असो, हमाल असो, सगळे शाळेतल्या पोरांसारखे म्हणायचे. बाकावरचे हसायचे. तुम्ही एकदाही हसला नाहीत. कुणी पुटपुटलं तर त्याला परत बसवायचात. त्या बाकावरच्या माणसांना तुम्ही वाचवलंत आणि घरात पोराला चुकीच्या समजुतीत राहू दिलंत. याचा मेळ मला तेव्हाही लागला नाही, आता तर नाहीच.

मी किती वेळा म्हणाले! "सांगून टाका हो त्याला." एकदा ईदच्या दुसऱ्या दिवशी शिरखुर्म्याची वाटी खाली ठेवून मी भांडले तुमच्याशी. तुम्ही म्हणालात, "माँ तो गई. अब बाप भी जाए क्या उसका?"  त्यावर मला काही बोलता आलं नाही. आजही येत नाही, म्हणून जास्त राग येतो.

मग गुडघे गेले, डोळे गेले, मतबला कुलूप लागलं. सलीम पुण्याहून कायमचा परत आला होता, वाळूजच्या एका कंपनीत लागला होता. त्यानं तुम्हाला आपल्या फ्लॅटवर नेलं. पोरगा गुणाचाच, त्यात वाद नाही. बापाचे पाय रोज दाबायचा. पण घरात इंग्लिश औषध येऊ द्यायचं नाही, ही त्याची शपथ. मतबमध्ये होता तोवर तुमची साखरेची गोळी मी देत होते, माझ्यासमोर गिळायला लावत होते. फ्लॅटवर ती बंद झाली. तुम्ही बंद होऊ दिलीत! ज्या माणसानं गावभर सांगितलं की हिजामा करा पण पातं नवं घ्या, मध खा पण रक्त तपासा, रोजा धरा पण डॉक्टरला विचारून, तो माणूस स्वतः नुसत्या मेथीच्या काढ्यावर गप्प पडून राहिला. मला सांगा, ती शिक्षा होती का? स्वतःला दिलेली? तुम्ही हो म्हणालात तर मी अजून चिडेन, नाही म्हणालात तर विश्वास ठेवणार नाही.

नव्या चपलेचा फोड. तेवढंच झालं होतं. मधे माझ्याच घरी दुखणं होतं, मला यायला उशीर झाला. मी दारात पाऊल टाकलं आणि आधी नाकाला कळलं. चादर वर केली तर तीन बोटं काळी, वर पोटरीपर्यंत लाल सूज. त्यावर मध आणि हळद लावून स्वच्छ पट्टी बांधलेली. पट्टी उकळून वाळवलेली होती. सलीमनं लहानपणी बघितलं होतं ना तुमच्याकडं.

"सलीम, आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं. उठ."

"नै, सिस्टर. इंग्लिश दवा ने एक कू खाया मेरे घर में. दुसरा नै देता मैं."

"अरे, पाय सडलाय! उद्या माणूस राहणार नाही!"

"अल्ला मालिक है. पर वो लोगां के हात में नै देता."

मी तुमच्याकडं वळले. ठरवूनच वळले होते. तुमचा शब्द मोडायचा आणि सांगून टाकायचं, मग काय व्हायचं ते होवो. तुम्ही माझं तोंड बघितलंत आणि हात वर केलात. 

"सलीम. डॉक्टर ने न्याहारी बोल्या था. नाश्ता. मैं निहार सुन्या. गोली मैं दिया. भुके पेट मैं दिया तेरी माँ कू."

सलीमनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. तो उठला, आत गेला. मोरीतला नळ सुरू झाल्याचा आवाज आला आणि बराच वेळ येत राहिला. तुम्ही डोळे मिटून पडला होता आणि मी तुमचा हात धरला होता. इतक्या वर्षांत मी तुमचा हात नाडीसाठीसुद्धा धरला नव्हता. मग सलीम बाहेर आला, तोंड ओलं, म्हणाला, "रिक्षा लाता." तुम्हाला त्यानं दोन्ही हातांवर उचलून जिना उतरवलं. पायरीपायरीला जपून, कुठं पाय भिंतीला लागू नये म्हणून अंग तिरकं करत. पण तुमच्याकडं बघितलं नाही, बोलला नाही.

पाय मांडीपासून काढला. डॉक्टर म्हणाले, विष रक्तात गेलंय, चार दिवस आधी आला असतात तर. हे वाक्य नर्स असताना मी लोकांच्या बाजूला उभी राहून किती वेळा ऐकलं होतं. सलीम बाहेर बाकावर बसून असायचा. औषधं आणायचा, रक्त द्यायला माणसं आणायचा, सह्या करायचा, सगळं करायचा. आत यायचा नाही. मी त्याला दंडाला धरून ओढलं एकदा. "अरे, चल. बाप आहे तुझा." त्यानं माझा हात हळूच सोडवला. तुम्ही दाराकडं तोंड करून पडला होता आणि कूस बदलू देत नव्हता. शेवटच्या सकाळी तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, काही माफीचं बोलाल, काही निरोप द्याल. तुम्ही विचारलंत, "उसने खाया क्या कुछ?" मी म्हणाले, खाल्लं. खरंच खाल्लं होतं, मीच समोर बसून वडापाव खायला लावला होता. तुम्ही बरं म्हटल्यासारखी मान हलवलीत. 

तो कबरीत उतरला होता म्हणे तुम्हाला ठेवायला. बाहेर यायला तयार नव्हता, लोकांनी हात धरून काढलं. हे मला बायकांनी सांगितलं. जिवंतपणी बोलला नाही, आणि मातीत उतरून बापाला मिठी मारली. काय म्हणावं या बापलेकांना! एकानं जन्मभर तोंड उघडलं नाही, दुसऱ्यानं ऐन वेळी मिटून घेतलं. मला दोघांच्याही थोबाडीत मारावीशी वाटते, आणि मग मी पदर तोंडात कोंबून रडते.

तिसऱ्या दिवशी जियारतच्या विधीला गेले. पुरुष कबरस्तानातून परत आले, जेवणं झाली. मी बायकांच्यात कोपऱ्यात बसले होते. सलीम आला. माझ्यासमोर जमिनीवर बसला, लहान असताना मतबमध्ये बसायचा तसा मांडी घालून. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. मला वाटलं, आता विचारणार की सिस्टर, तुम्हाला सगळं ठाऊक होतं तर गप्प का बसलात. मी उत्तर तयार ठेवलं होतं, चांगलं खणखणीत. त्यानं ते विचारलंच नाही. आजूबाजूच्या बायका उठून जाईपर्यंत थांबला आणि इतक्या बारीक आवाजात म्हणाला की मला वाकावं लागलं, "सिस्टर, उपर पहले तुम गए थे ना? अम्मी कू तकलीफ हुई क्या?"

तुमच्यासमोर मला सुचलं नव्हतं, हकीमसाब. त्याच्यासमोर क्षणात सुचलं. मी म्हणाले, "नाय रे बाबा. झोपेतच होत्या. नमाजाच्या मुसल्यावर आडव्या झालेल्या, तोंडावर पदर. मला तर आधी वाटलं, डोळा लागलाय."

त्यानं माझ्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि हंबरडा फोडला. आई गेल्यापासून कोंडलेलं सगळं बाहेर आलं. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत बसले.

तेव्हा आता माझं ऐका. झाकणावरच्या दातांचं मी तुम्हाला सांगितलं, ते तुमच्यापाशीच ठेवा. भाभी तर पोराला लागेल असं काही बोलायच्याच नाहीत. आणि सलीम पुढंमागं तिकडं आला, त्यानं विचारलंच, तर या एका बाबतीत तरी तुम्ही पुन्हा गप्प बसा.